होमिओस्टॅसिस म्हणजे नेमकं काय? बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, व्याख्या पाठ आहे पण समजत नाही.

व्याख्या बाजूला ठेव आणि मे महिन्यातलं नागपूर आठव. बाहेर ४५ अंश, तरी शरीर आतून ३७ च्या आसपासच राहतं. हे सांभाळणं म्हणजे होमिओस्टॅसिस. मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्ताचं तापमान सतत तपासतो. ते वाढलं की घाम सुटतो, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पण हवाच अंगापेक्षा गरम असली, की उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. आपला कूलर हेच तर करतो! म्हणूनच जुलैच्या दमट हवेत कूलर गार करत नाही आणि घामही नुसता निथळतो. तापमान उतरलं की घाम थांबतो, म्हणजे परिणामच कारणाला आवरतो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. आता रक्तातली साखर आणि इन्सुलिनचा धडा याच नजरेनं वाच.