माझी अलीकडची चार छायाचित्रे आणि त्यांच्या चौकटीबाहेर राहिलेली हकीकत

आपण विचारले आहे की, इथल्या छायाचित्रकारांनी अलीकडे प्रवासात, रानात आणि रोजच्या जगण्यात टिपलेली आवडती छायाचित्रे कोणती, ती कशी मिळाली, आणि ती इतरांपुढे ठेवताना ते कोणती काळजी घेतात. आपण कॅमेरा नुकताच घेतला आहे असेही लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देते. मी पुण्यात राहते, नोकरी सांभाळून गेली अकरा वर्षे छायाचित्रे काढते आणि बहुतेक सुट्ट्या पुणे-सोलापूर रस्त्यावर, भिगवण ते इंदापूर या टापूत घालवते. चारच छायाचित्रांविषयी सांगते, मात्र प्रत्येकाच्या चौकटीत जे आले नाही तेही सांगते. कारण आपले छायाचित्र पाहून कोणीतरी तसेच मिळवायला घराबाहेर पडतो, आणि ते कोणत्या रीतीने मिळाले हे आपण सांगितले नाही तर तो स्वतःच्या अंदाजाने रीत ठरवतो.

पहिले छायाचित्र जानेवारीतल्या एका सकाळचे, उजनीच्या पाणफुगवट्यातले आहे. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मागे भिगवणच्या परिसरापर्यंत पसरले. हिवाळ्यात कालव्यांना आवर्तने सुटू लागली की हे पाणी कडेने हळूहळू मागे सरते, गाळ उघडा पडतो आणि गुडघाभर पाण्याची एक लांबच लांब उथळ पट्टी तयार होते. रोहित पक्ष्याला (फ्लेमिंगोला) हवी असते ती हीच पट्टी. ज्या वर्षी धरण काठोकाठ भरलेले असते, त्या वर्षी ही पट्टी उशिरा मिळते आणि रोहितांचे मोठे थवेही उशिराच दिसू लागतात, म्हणून मी डिसेंबरातच भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावाड्यांना फोन करून पाणी कुठपर्यंत उतरले आहे एवढेच विचारते. पक्षी आले का, हे त्यानंतर विचारावेच लागत नाही.

छायाचित्रात दोन पक्षी आहेत. एक पूर्ण वाढलेला, पांढऱ्या अंगावर गुलाबी झाक असलेला, आणि दुसरा करड्या रंगाचा, अजून वयात न आलेला. रोहित जन्मतः गुलाबी नसतो. खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून मिळणारी रंगद्रव्ये पिसांत उतरायला काही वर्षे जावी लागतात. दोघांच्याही माना खाली आहेत आणि चोची उलट्या धरलेल्या आहेत, कारण हा पक्षी डोके उलटे करून, जिभेच्या हालचालीने पाणी आत ओढून ते चोचीच्या कडेला असलेल्या बारीक पट्ट्यांतून गाळून बाहेर टाकतो. मला सगळ्यांत आवडतात ते त्या मोठ्या पक्ष्याचे पाय. तो एकाच जागी पाय आपटत, चोच मध्यभागी ठेवून, सावकाश गोल फिरत होता, आणि त्याच्याभोवती गढूळ पाण्याचे एक कडे तयार झाले होते. दळणाऱ्या जात्याभोवती पीठ साचावे तसा तो गाळ त्याच्याभोवती उठत होता. अकरा वर्षांत ही क्रिया मी अनेकदा पाहिली होती, पण ते कडे स्पष्ट दिसेल असा तिरपा उजेड या वेळी पहिल्यांदा मिळाला.

आता चौकटीबाहेरचे. होडीची मोटर दूरवरच बंद केली होती आणि नावाडी बांबूने होडी पुढे रेटत होता. पक्ष्यांपासून साधारण साठ-सत्तर मीटरवर आम्ही थांबलो आणि तिथेच पाऊण तास बसलो. एवढ्यात नावाड्याने विचारले, "ताई, उडवायचे का? मागच्या पाहुण्यांनी उडवायला लावले होते." मी नको म्हणाले, तेव्हा त्याने बांबू आडवा ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं. उडवले की लांब जाऊन बसतात, मग दिवसभर जवळ येत नाहीत." पंख उघडले की लाल आणि काळा रंग एकदम दिसतो, म्हणून उडत्या थव्याचे छायाचित्र सर्वांना हवे असते. परंतु हा जड पक्षी पाण्यावरून बराच धावल्याशिवाय हवेत उठू शकत नाही, आणि सकाळभर गाळातून मिळवलेली ताकद प्रत्येक उड्डाणाला खर्ची पडते. थवा आपण होऊन उडतो तेव्हा काढलेले छायाचित्र आणि थवा उडवून काढलेले छायाचित्र दिसायला सारखेच असते. म्हणून ते कसे मिळाले हे छायाचित्रकाराने स्वतः लिहायला हवे.

आपण नवे आहात म्हणून दोन तांत्रिक गोष्टी. काळसर पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा पाण्याच्या अंधाराकडे पाहून उजेड वाढवतो आणि पिसांतले सगळे बारकावे एका पांढऱ्या डागात हरवतात. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश किंवा एक स्टॉप उणे ठेवावे (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा) आणि हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातल्या उजेडाचा कॅमेऱ्यात दिसणारा आलेख, उजव्या भिंतीला चिकटलेला नाही ना, हे पाहावे. दुसरे असे की, ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी कितीही महागड्या लेन्समधून अस्पष्टच येतो. तो दोष लेन्सचा समजून अनेकजण नवी लेन्स घेतात. सूर्योदयापासूनचे दोन तास हातचे जाऊ देऊ नयेत, एवढाच त्यावर उपाय आहे.

दुसरे छायाचित्र साध्या टिटवीचे आहे आणि ते माझ्यासाठी या चौघांत सर्वांत मोलाचे आहे. त्यामागे माझी एक चूक आहे, ती आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका माळावर मला टिटवीची चार अंडी दिसली. घरटे असे काही नसतेच. खड्यांमध्ये थोडीशी खोलगट जागा आणि त्यात मातकट रंगावर काळे ठिपके असलेली अंडी, अशी की नजर हटली तर पुन्हा सापडू नयेत. खडे कोणते आणि अंडी कोणती, हे ओळखण्याचे कोडे पाहणाऱ्यांना आवडेल असे वाटून मी ते छायाचित्र सर्वांसमोर ठेवले आणि कोणी विचारले तेव्हा जागाही सांगितली. पुढच्या रविवारी मी तिथे पुन्हा गेले, तेव्हा दुपारी बाराच्या उन्हात चार-पाच जण कॅमेरे घेऊन अंड्यांभोवती बसलेले होते. दोन्ही टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या आणि खाली कोणी उतरत नव्हते. ती माणसे वाईट नव्हती. मी सांगितले म्हणून ती आली होती. आम्ही सगळे लगेच तिथून निघालो, पण त्यापुढच्या आठवड्यात त्या खोलगट जागेत अंडीही नव्हती आणि पिलेही नव्हती. कोल्ह्याने नेली असतील, कावळ्याने फोडली असतील किंवा उन्हाने वाया गेली असतील. मला कारण कळले नाही, पण मी ती जागा सांगितली होती हे मला कळत होते.

भर उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी म्हणावी, तर अर्धा दिवस ती सावली धरण्यासाठीच बसलेली असते. इतकेच नव्हे, तर ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी गार राहतात. हे मी वाचले होते, पण पाहिले नव्हते. या एप्रिलमध्ये एका शेततळ्याच्या कडेला, घरट्यापासून कितीतरी दूर, मी बांधामागे आडोशाला बसले असताना एक टिटवी चालत आली, पाण्याच्या काठाशी पाय मुडपून बसली आणि छाती पाण्यात टेकवून अंग डावीकडे-उजवीकडे हलवू लागली. दोन मिनिटांनी ती उठली तेव्हा पोटाखालची पिसे एकमेकांना चिकटून लोंबत होती आणि त्यांच्या टोकांना थेंब होते. छायाचित्र त्याच क्षणाचे आहे. ती उडून कोणत्या दिशेला गेली ते मी पाहिले, आणि त्या दिशेला गेले नाही. छायाचित्रासोबत मी फक्त "पुणे जिल्हा, एप्रिल" एवढेच लिहिले आहे.

इथे एक सूचना आवर्जून करते. मोबाईलने काढलेल्या छायाचित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात आणि मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ते तसेच्या तसे समोरच्याकडे पोहोचतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाची नोंद बंद करता येते. घरटी, लांडग्याची पिले, घुबडाची ढोली अशा गोष्टींच्या बाबतीत मी आता ठिकाण तर लिहीत नाहीच, पण मागचा डोंगर किंवा देऊळ ओळखू येईल अशी चौकटही निवडत नाही. आणि अंड्यांची व घरट्यांची छायाचित्रे काढणेच मी सोडून दिले आहे. याविषयी मतभेद असू शकतात, पण माझे मत पक्के आहे.

तिसरे छायाचित्र वाघिणीचे आहे आणि त्याविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात माझे कर्तृत्व फारसे नाही. विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात मे महिन्यात वाघीण रस्ता ओलांडत होती. घरी येऊन मी ते छायाचित्र नेहमीप्रमाणे क्रॉप केले, म्हणजे नको त्या कडा कापून टाकल्या: वाघीण, धूळ, मागे वाळलेला बांबू, पाहणाऱ्याला वाटावे की त्या रानात ती आणि मी अशा दोघीच होतो. मूळ छायाचित्रात मात्र तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सात गाड्या आहेत आणि दोन गाड्यांमधल्या फटीतून ती मान खाली घालून निघाली आहे. मी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवली. क्रॉप करणे मी खोटेपणा मानत नाही. तो या कलेचा भागच आहे. पण त्या सातांपैकी एक गाडी माझी होती, आणि ती वगळून उरलेले रान दाखवणे मला या वेळी जमले नाही.

चौथे छायाचित्र गेल्या वारीतले आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला येते, तेव्हा परीट समाजाचे लोक पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपल्या मेंढ्या आणून रथाभोवती रिंगण धरतात. मेंढ्यांचे हे रिंगण पाहायला प्रचंड गर्दी होते आणि पुढची जागा मिळायची तर सकाळीच जाऊन उभे राहावे लागते. आभाळ भरून आले होते, म्हणून मी लेन्सचे छिद्र एफ-16 इतके बारीक केले आणि शटर एक-पंधरांश सेकंद एवढे सावकाश ठेवले. खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून काढलेल्या तीस-चाळीस छायाचित्रांपैकी एकात रथ स्थिर आला आहे आणि त्याच्याभोवती मेंढ्यांचा एक पांढरा-काळा ओघ वाहतो आहे. पाहणाऱ्यांना तेच छायाचित्र आवडले.

मला मात्र सांगायचे आहे त्याच सकाळच्या दुसऱ्या छायाचित्राविषयी. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी वारकरी बाई तुळशीवृंदावन शेजारी ठेवून पायाला तेल चोळत बसल्या होत्या. टाचांना पडलेल्या भेगांत काळी माती गेली होती आणि त्यांचा अंगठा त्या भेगेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. वारीत दूरच्या लेन्सने, माणसाला न कळू देता, चेहरे टिपणारे अनेकजण असतात. मला ते आवडत नाही. मी जवळ जाऊन बसले आणि विचारले, "माउली, तुमचा एक फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ की. पण समदे काढून नेतात, धाडत कुणी न्हाई. तू धाडशील का?" मी हो म्हणाले. त्यांनी पिशवीतून कागदाची घडी काढली, तिच्यावर परभणीकडच्या एका गावातल्या नातवाचा फोन नंबर होता.

पुण्यात आल्यावर मी आठ बाय बाराचा प्रिंट काढून पोस्टाने पाठवला. हात, टाच, तेलाची बाटली, तुळशीची दोन पाने. माझ्या मते चौकट नेमकी जमली होती. पंधरा दिवसांनी नातवाचा फोन आला आणि त्याने तो आजीकडे दिला. फोटो छान आहे, असे त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले की त्यात आमची दिंडी कुठे दिसत नाही ती कशी. रथामागच्या त्यांच्या दिंडीची पाटी आणि पताका त्यांच्या मागेच उभी होती, सोबतच्या बायका तिथेच भाकरी सोडून बसल्या होत्या, आणि मी ते सगळे गर्दी म्हणून चौकटीबाहेर ठेवले होते. सुदैवाने चौकट बांधण्याआधी सहज काढलेले एक रुंद छायाचित्र कार्डात शिल्लक होते. त्यात उजेड सपाट आहे, डाव्या कोपऱ्यात कोणाचा तरी अर्धा खांदा आला आहे, पण पाटीवरचा दिंडीचा क्रमांक वाचता येतो आणि आजींच्या शेजारच्या चारही जणींचे चेहरे ओळखू येतात. त्याच्या पाच प्रती काढून मी पाठवल्या, आणि आता ती दोन्ही छायाचित्रे मी कोणालाही दाखवते तेव्हा एकत्रच दाखवते.