मुलगी एमएससाठी अमेरिकेला चाललीय, ॲडॉप्टर घेतलाय, तर इथला मिक्सर आणि केटल तिकडे चालेल का?

मिक्सर देऊ नका, केटलही नको. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर मात्र बिनधास्त द्या.

तुम्ही घेतलाय तो ॲडॉप्टर फक्त पिन बदलतो हो, आपल्या गोल पिना तिकडच्या चपट्या पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात एवढंच, व्होल्टेज आहे तेच पुढे येतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. दुकानदार हे सांगत नाहीत, आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा लेकीकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा ७५० वॉटचा मिक्सर साड्यांमध्ये गुंडाळून नेला, तिला इडलीचं पीठ घरी वाटता यावं म्हणून. लावला तर मोटर फिरली पण इतकी हळू की उडीद डाळ होती तशीच, आणि जरा वेळाने जळका वास यायला लागला तसा बंद केला. मग कोणीतरी म्हणालं स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारा डबा, घ्या, तर ७५० वॉटच्या मिक्सरला १५०० वॉटचा तरी लागतो कारण मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, आणि तो एवढा जड ठोकळा ओट्यावर ठेवायचा कुठे? त्यापेक्षा अमेरिकेसाठी बनवलेले ११० व्होल्टचे (तिकडच्या १२० वर चालणारे) मिक्सर इथेच मिळतात, दुकानात तसं सांगून मागा, ओल्या-कोरड्या वाटणाची भांडी आपलीच असतात. आम्ही पुढच्या वेळी तोच नेला, अजून चालतोय.

केटलचं म्हणाल तर व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नाही, जवळपास पाव होते. १५०० वॉटची केटल तिकडे जेमतेम ४०० वॉटवर चालणार, एक कप चहाला किती वेळ थांबेल ती? तिकडेच घेऊ दे.

आता खरं धोक्याचं, जे तुम्ही विचारलं नाहीत. ती सुट्टीत येताना तिकडचा हेअर ड्रायर किंवा स्ट्रेटनर आणेल आणि ॲडॉप्टर लावून इथे सुरू करेल. १२० व्होल्टची वस्तू २३० वर साडेतीन पटीहून जास्त तापते. आमच्या लेकीच्या हातातच ड्रायरमधून धूर निघाला होता, मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, आठवलं की अजून धडधडतं. हे तिला आत्ताच सांगून ठेवा, प्लीज.

ओळखायचं कसं, तर चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं. १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर कुठेही चालतो, अगदी जपानमध्ये १०० व्होल्ट आहे तिथेही. नुसतं २२०-२४० असेल तर ती वस्तू घरीच ठेवा.

आणि पाच-सहा ॲडॉप्टर घेत बसू नका. इथला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणि एकच ॲडॉप्टर द्या, सगळे चार्जर त्यावर लागतात. फक्त त्या बोर्डवर इस्त्री, हीटर असलं काही लावायचं नाही.