उंबऱ्याच्या आत नाही

प्रिय मित्रा,

बाळ सहा आठवड्यांचं झालं आणि तू विचारतोस, "दार लावून बाल्कनीत सिगारेट ओढली तर चालेल ना?" नाही चालणार. बाल्कनी घरातच येते.

बाळाकडे पाहिलं की सोडावीशी वाटते आणि रात्री तीनला ते रडायचं थांबेना की हात पाकिटाकडे जातो, हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्या रात्री मी काढल्यात रे. मी खिडकीशी ओढायचो, मग बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावून. पहिल्या वर्षात मुलीचा कान तीनदा वाहिला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी ओढतं?" मी म्हणालो, "मुलीसमोर कधीच नाही." ते उत्तर आजही टोचतं.

धुराला समोर-मागे कळत नाही. त्यात 7000हून जास्त रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कर्करोग करणारी. तान्ह्याचा श्वास आपल्या दुपटीहून वेगाने चालतो. त्याच हवेने कानाची दुखणी, दमा, न्यूमोनिया बळावतात. झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2006च्या अहवालाने स्पष्टच सांगितलं: खिडक्या, पंखे, वेगळी खोली यांनी हा धोका टळत नाही. म्हणून उंबऱ्याच्या आत नाही. पावसात नाही, आजारपणात नाही, पाहुणे आले तरी नाही.

आणि बाहेरून ओढून आलास तर शर्ट बदल, हात धू, मगच बाळाला घे. निकोटीन कापडात बसतं आणि बाळाचा गाल तिथेच टेकतो.

बायको म्हणते, मी अर्धवटच सुधारलो, कारण घरात ओढणं बंद केल्यावरही नऊ वर्षं बाहेर ओढत होतो. मला ते पटत नाही. प्रत्येक सिगारेटसाठी चार जिने उतरावे लागले म्हणून दिवसाला पंधराच्या चारवर आल्या, आणि चार होत्या म्हणून एक दिवस सुटल्या. तू आजच सोडलीस तर उत्तमच, पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातील. पण सोडणं जमेना म्हणून घराचा नियम सैल करायचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव.

"घरात ओढू नका, हे वडिलांना कसं सांगू" म्हणतोस. चिडू नकोस, पण हा प्रश्न तू बाळाच्या बाजूने विचारलेला नाहीस. मीही माझ्या थोरल्या भावाला वर्षभर सांगू शकलो नाही. त्याच्यासाठी हॉलमध्ये ऍशट्रे ठेवला होता, रोज घासून. तुझ्याकडे असेल तो आजच टाकून दे. कपाटात ठेवू नकोस.

तुझा,
काका