सर्दी, 'सी' आणि झिंक

प्रश्न : डॉक्टर, नाक चुरचुरायला लागलं की मी व्हिटॅमिन सीची हजार मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू करते. चार-पाच दिवसांत बरं वाटतं. आता मैत्रीण म्हणते, सी सोड, झिंक घे. नक्की कशाचा उपयोग होतो? मला पूर्वी मुतखडा झाला होता, हेही सांगून ठेवते.
— एक वाचक

उत्तर : मुतखड्याचं तुम्ही शेवटी लिहिलंत, मी सुरुवात तिथूनच करतो. सी शरीरात मोडतं तेव्हा त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट होतं, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्यामुळे हजार मिलिग्रॅमची गोळी तुमच्यासाठी नाही.

सोडल्याने फारसं बिघडणारही नाही. सीचा बोलबाला झाला तो १९७०मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांनी त्यावर पुस्तक लिहिल्यापासून. दोन नोबेल मिळवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? पुढे अनेक चाचण्या झाल्या. २०१३च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल) दिसलं ते असं : रोज, वर्षभर सी घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सरासरी ८ टक्के लवकर आटोपते. सात दिवसांच्या सर्दीत हा जेमतेम अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेणाऱ्यांना मात्र ठोस फायदा दिसला नाही, आणि तुम्ही नेमकं तेच करता. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात रोज सी घेतल्यावर सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण ते वेगळं प्रकरण.

मग चार-पाच दिवसांत बरं का वाटतं? सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो, नंतर तो आपोआप ओसरतो. त्या वेळी जे हाताशी असेल त्याला श्रेय मिळतं.

झिंकची बाजू थोडी बरी आहे. सर्दी टाळायला त्याचा उपयोग जवळपास नाही, पण झालेली सर्दी कदाचित दोनेक दिवसांनी लवकर जाते, असं २०२४चा कोक्रेन आढावा म्हणतो. 'कदाचित' मी मुद्दाम लिहिलं. चाचण्यांमध्ये झिंकचे क्षार वेगळे, मात्रा वेगळ्या. शिवाय चोखायच्या गोळीची चव इतकी धातूसारखी, की आपल्याला झिंकची खरी गोळी मिळाली की तुलनेसाठी दिलेली नकली, हे चाचणीतले लोक ओळखू शकतात. मग 'बरं वाटतंय' या उत्तरावर किती विसंबायचं?

झिंक करून पाहायचंच असेल तर पहिल्या दिवशीच सुरू करा, गोळी गिळू नका, चोखा. मळमळलं तर थांबवा. सर्दी गेली की बंद. महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. नाकात घालायचं झिंक मात्र अजिबात नको. त्याने वास घेण्याची क्षमताच गेल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९मध्ये लोकांना सावध केलं होतं. आणि टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर झिंक घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकदम पोटात गेली तर ते औषध रक्तात नीट उतरत नाही.