सौरऊर्जेमुळे नोकऱ्या वाढणार की जाणार? चंद्रपूरच्या माणसाने काय समजायचं?

तुम्ही विचारलंय की सौर-पवन ऊर्जेमुळे लाखो रोजगार येणार असं रोज वाचायला मिळतं, पण चंद्रपूर जिल्ह्याचं सगळं कोळशावर चालतं, तर आपला फायदा होणार की नुकसान? आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला असलेल्या धाकट्या भावाने सोलरमध्ये जावं का?

मी चंद्रपुरातच छतावर सोलर बसवायची कामं घेतो आणि माझे वडील वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची इथली कंपनी) निवृत्त झालेत. घरात पेन्शन कोळशाची आणि धंदा उन्हाचा. त्यामुळे या विषयावर आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला रोजच वाद असतो. त्या वादातून माझं जे मत बनलंय ते सांगतो.

लाखो रोजगारांचा आकडा खोटा नाही. इरेना या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हिशेबाने 2023 मध्ये जगभरात नवीकरणीय ऊर्जेत 1 कोटी 62 लाख लोक काम करत होते. त्यातले 74 लाख एकट्या चीनमध्ये, कारण पॅनल बनतात तिथे. भारतातले साधारण 10 लाख, आणि त्यांतही सर्वांत मोठा वाटा धरणांवरच्या जलविद्युतचा. सौर पॅनलशी संबंधित रोजगार 3 लाख 18 हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशाला हे फार नाहीत, पण अगदी थोडेही नाहीत.

आता कोळशाकडे बघा. 1990 च्या सुमारास कोल इंडियात सहा लाखांच्या वर माणसं होती आणि वर्षाला साधारण 20 कोटी टन कोळसा निघत होता. 2024-25 मध्ये 78 कोटी टन निघाला आणि कायम कामगार उरले सव्वादोन लाखांच्या आसपास. कोळसा जवळजवळ चौपट, माणसं एक तृतीयांश. या काळात बहुतेक वर्षं सोलर कुठे दिसतही नव्हतं. नोकऱ्या खाल्ल्या त्या खुल्या खाणींनी, शॉव्हेल-डंपरनी आणि ओबी (कोळशावरची माती-दगड) काढायच्या ठेक्यांनी. वडील भूमिगत खाणीत होते तेव्हा एका पाळीला जेवढी माणसं खाली उतरायची, तेवढी आज मोठ्या खुल्या खाणीच्या एका कोपऱ्यात शोधूनही सापडत नाहीत. जी आहेत त्यांतली बरीच ठेकेदाराची. म्हणून कुणी "सोलरने आमची पोरं बेकार केली" म्हणालं की मला ते पटत नाही. बेकारी सोलरच्या कितीतरी आधी आली होती.

आणि कोळसा उद्या बंद होतोय असंही नाही. जून 2025 मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून बाकीची) झाली, त्याचा बराच गाजावाजा झाला. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो, त्यामुळे विजेचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग अजून कोळशातूनच येतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरचं आपलं औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. 210 मेगावॅटचे पहिले दोन संच जुने झाले म्हणून बंद झाले, बाकीचे चालू आहेत. तुमच्या वडिलांच्या पिढीला धक्का नाही. प्रश्न आहे तो आज दहावी-बारावीत असलेल्यांचा.

माझ्या मते किती नोकऱ्या, हा प्रश्नच अपुरा आहे. नोकरी कुठे, कुणाला आणि किती दिवसांची, हे विचारायला हवं.

जमिनीचंच घ्या. आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेला हिशेब म्हणजे दोन एकराला एक नोकरी. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणातच ते सूत्र आहे. भांडणं, मोर्चे, वर्षानुवर्षं फाइली, सगळं झालं तरी शेवटी घरातला एक जण कायम व्हायचा. मग त्याला क्वार्टर, दवाखाना, पोरांची शाळा, आणि त्याच्या पगारावर किराणा दुकान, टेलर, ऑटोवाला, शिकवणीवाला असे चार जण जगायचे. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर अशीच उभी राहिली.

तीच दोन एकर जमीन मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (कृषिपंपांच्या विजेसाठी उपकेंद्रांजवळ छोटे सौर प्रकल्प) भाड्याने दिली तर काय मिळतं? हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ. दोन एकराचे लाखभर रुपये झाले. वेकोलितल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या कायम कामगाराचा दोन-तीन महिन्यांचा पगार म्हणा. नोकरी नाही. मात्र जमीन तुमच्याच नावावर राहते आणि करार संपला की परत मिळते. खाणीत गेलेली जमीन कुणाला परत मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, तिथे मातीचे डोंगर उभे आहेत. कोरडवाहू बरड जमिनीचं पीक दोन वर्षांनी एकदा हाती लागतं अशा शेतकऱ्याला हे भाडं वाईट नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन.

पण त्या शेतावर निंदणी-वेचणीला जाणारी बाई कुठे गेली? तिच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे तिला भाडं नाही. पॅनल उभे राहिले की तिचे मजुरीचे दिवस गेले. पाच मेगावॅटच्या प्रकल्पाला वीस-पंचवीस एकर लागतात. बांधकामाच्या चार-सहा महिन्यांत तिथे बऱ्यापैकी माणसं असतात, त्यांतली पुष्कळशी बाहेरच्या राज्यांतून आलेली टोळी. नंतर उरतात ते दोन-तीन वॉचमन, पॅनल धुणारे, गवत काढणारे आणि अधूनमधून येणारा एक तंत्रज्ञ. या योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षं पैसे मिळायची तरतूद आहे. ते बरं आहे, पण त्यात त्या बाईचा रोजगार कुठे बसवायचा हे कुणी ठरवलेलं नाही.

सोलरमध्येही सगळं सारखं नसतं, आणि इथे माझा धंदा मध्ये येतो हे मान्य करून सांगतो. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांनी काही वर्षांपूर्वी देशभरातल्या कंपन्यांकडून माहिती घेऊन हिशेब मांडला होता. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढं काम हे एकक धरलं, तर जमिनीवरचा मोठा प्रकल्प एका मेगावॅटमागे 3.45 एवढं काम देतो, पवनचक्क्या 1.27 आणि छतावरचं सोलर 24.72. म्हणजे तीच वीज छतावर केली तर सातपट हात लागतात. कारण साधं आहे. तीन किलोवॅटच्या घरगुती सिस्टिम धरल्या तर एका मेगावॅटला 333 घरं होतात. प्रत्येक घराचा वेगळा नकाशा, वेगळं स्ट्रक्चर, वेगळी केबल, अर्थिंग, बँकेचं कर्ज, महावितरणचा अर्ज, नेट मीटर. शिवाय शेजारच्या झाडाची सावली येते म्हणून दोन घरांचं भांडण सोडवायचं, ते वेगळंच. हे काम इंदूरहून किंवा हैदराबादहून येऊन कुणी करत नाही, तालुक्याचाच पोरगा करतो.

2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य घेऊन, तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान. त्यानंतर आमच्यासारख्या छोट्या ठेकेदारांकडे खरंच काम वाढलं. पण हे अनुदानावर उभं राहिलेलं काम आहे हे विसरू नका. सरकारने एक परिपत्रक काढलं की काय होतं ते साखर कारखान्यांना विचारा. इथेनॉल करा, इथेनॉल करा म्हणून कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभ्या केल्या आणि 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पण हादरा बसायचा तो बसलाच.

अर्थव्यवस्थेबद्दल म्हणाल तर नोकऱ्यांपेक्षा मोठा परिणाम विजेच्या खर्चावर होतो, आणि त्याची चर्चा कमी होते. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना 2024 पासून मोफत वीज आहे, साधारण 44 लाख शेतकरी. त्याचा भार वर्षाला 14 हजार कोटींच्या वर. त्याआधीही शेतीची वीज स्वस्त ठेवायची म्हणून कारखान्यांना महाग मिळायची, आणि मग उद्योजक शेजारच्या राज्याकडे बघायचा. आता उपकेंद्राशेजारीच तीन रुपये युनिटच्या आसपासची सौर वीज तयार होऊन त्याच फीडरवरच्या (वीजवाहिनीवरच्या) पंपांना जायला लागली तर हा बोजा हलका होतो. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा 3 मेगावॅटचा प्रकल्प सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला (2.0) पहिला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्यासकट पाच प्रकल्पांचं उद्घाटन झालं, पाचांची मिळून क्षमता फक्त 19 मेगावॅट. लक्ष्य मात्र हजारो मेगावॅटचं आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात दिवसा वीज मिळण्याची किंमत पैशात कशी काढायची? रात्री दोनला लाइट येते म्हणून धानाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला वाटेत वाघ भेटू शकतो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. रोजगाराच्या कुठल्याच तक्त्यात हा फायदा दिसत नाही, माझ्या मते तोच पहिला मोजायला हवा.

तोट्याची बाजू फक्त कोळशापुरती नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरीत पिस्टन, गिअर, सायलेन्सरचे सुटे भाग करणारी शेकडो छोटी वर्कशॉप आहेत. बॅटरीच्या गाडीला यातलं बरंचसं लागत नाही. तिथे कामाला गेलेले आपल्याकडचे खूप जण आहेत, तेव्हा तो फटका इथल्या मनीऑर्डरींनाही बसेल. त्या भागाचं मला जवळून ठाऊक नाही म्हणून जास्त बोलत नाही.

मला राग येतो तो पैशाच्या हिशेबाचा. कोळशावर 2010 मध्ये टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. 2017 ला जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांना नुकसानभरपाई द्यायला वळवला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकरच संपला. एवढी वर्षं टनामागे पैसे घेतले, त्यातून कोळशाच्या गावांना पुढे काय, यासाठी नाव घेण्यासारखं काही उभं राहिलं नाही. जर्मनीने 2020 मध्ये कोळसा 2038 पर्यंत बंद करायचा कायदा केला, तेव्हा त्याच्याबरोबर कोळसापट्ट्यांसाठी 40 अब्ज युरोंपर्यंतची तरतूदही केली. आपण जर्मनी नाही हे खरं. पण 2015 च्या कायद्याने आलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी तर आपल्याकडे आहे. जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या 30 टक्के एवढी रक्कम त्यात जमा होते आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात ती थोडीथोडकी नसते. त्यातून रस्ते आणि सभामंडप होतात ते होऊ देत, पण थोडा भाग पुढच्या पिढीच्या धंद्या-रोजगाराला राखून ठेवा असं ग्रामसभेत कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणा. कारखाना एकदम बंद पडला की गावाचं काय होतं ते परळीवाल्यांनी 2015 मध्ये पाहिलंय. तिथलं वीज केंद्र खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून थांबलं होतं, सोलरमुळे नाही. पण बाजारपेठेला कारणाशी काय देणंघेणं.

आता भावाचं. त्याने सोलरमध्ये जरूर यावं, पण "सोलर टेक्निशियन" एवढंच होऊन येऊ नये. ट्रेड पूर्ण करून वायरमनचा परवाना काढावा. तो असला की छत, कृषिपंप, कारखाना, वीज केंद्र, सगळीकडे दार उघडं राहतं. सूर्यमित्रसारखं (सरकारचं सोलर बसवायचं) प्रशिक्षण मिळालं तर करावं, पण परवान्याच्या जागी नाही. पहिल्या ठेकेदाराकडे जाताना पगाराआधी दोन गोष्टी विचाराव्यात. पीएफ-ईएसआयसी भरतो का, आणि उंचावर कामाला सेफ्टी बेल्ट देतो का. दुसऱ्याचं उत्तर "आपल्याकडे कुणी पडत नाही" असं आलं तर तिथून निघावं. पॅनलकडून येणारा डीसी करंट घरच्या एसीपेक्षा वेगळा वागतो, कनेक्टर चालू भारावर ओढला की आर्क (न तुटणारी मोठी ठिणगी) होतो. हे आयटीआयमध्ये वरवरच शिकवतात, म्हणून पहिले काही महिने एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावेत. आणि जून ते सप्टेंबर छतावरची कामं मंदावतात, तेवढ्यापुरतं मोटर रिवाइंडिंग येत असलं तर घरी बसायची वेळ येत नाही.