गोलात बसत नाही म्हणून घाबरू नकोस
अगं, बालवाडीत नवीन शिकवायला लागलीस आणि गोष्टीच्या वेळी एक पोर बाकीच्यांसोबत गोलात बसत नाही म्हणतेस ना, पहिल्या महिन्यात सगळ्याच बाईंचं असं होतं. पोर गोलात बसत नाही म्हणजे त्याला गोष्ट नकोय असं नसतं गं, कधीकधी दाटीत बसणंच जड जातं, मग कडेला उशी टाक, हातात दाबायला मऊ बॉल दे आणि उभं राहून ऐकलं तरी चालवून घे, कान बऱ्याचदा इकडेच असतात. खेळ मात्र अचानक बदलू नकोस. कशानंतर काय त्याची चित्रं ओळीने लावून ठेव, आता माती, मग हात धुणं, मग गाणं, आणि ५ मिनिटं आधी सांग. ही चित्रांची पट्टी सगळ्याच पोरांच्या कामी येते. प्रश्न विचारलास की मनात १० मोजेपर्यंत गप्प बस (मला हेच सगळ्यात अवघड गेलं, मी बडबडी!). बोट दाखवलं, चित्र हातात दिलं, हे पण उत्तरच. खडू धरता येत नसेल तर जाड खडू दे, कागद टेबलाला चिकटपट्टीने लाव. आणि हो, वर्गातली मदतनीस सतत त्याला चिकटून बसली की बाकीची मुलं जवळच येत नाहीत, तिला जरा लांब बसव. आईला रोज तक्रारी नको सांगूस, घरी तो कशाने शांत होतो तेवढं विचार.