सत्तेचाळिसाव्या वर्षी अवजड वाहनाचा परवाना

‘मॅडम, या वयात ट्रक चालवायला शिकणे हा वेडेपणा आहे का, एवढेच मला तुमच्याकडून ऐकायचे आहे,’ असे म्हणत ते गृहस्थ समोर बसले आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून टेबलावर पसरला. कागदावर पट्टीने आखलेले दोन रकाने होते. डाव्या रकान्यात हा बदल का करू नये याची चौदा कारणे क्रमांक घालून सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. उजव्या रकान्यात ‘मला ते काम आवडेल’ अशी एकच ओळ होती आणि तीही नंतर पेन्सिलीने खोडलेली होती.

त्यांचे वय ४७ होते. एका विमा कंपनीत वाहन-अपघातांच्या दाव्यांची छाननी करण्यात त्यांची २२ वर्षे गेली होती, आणि आता ते काम सोडून लांब पल्ल्याची मालवाहतूक करण्याचा विचार त्यांच्या मनात दोन वर्षांपासून घोळत होता. उपजीविकेची वाट आयुष्याच्या मध्यावर बदलू पाहणारी माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी अधूनमधून येतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘उशीर झाला का’ हाच असतो. या गृहस्थांची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे, कारण त्या प्रश्नामागे दडलेले बाकीचे प्रश्न तिच्यात स्पष्ट दिसतात.

आधी माझी चूक सांगते. त्यांचे वडील वर्षभरापूर्वी वारले होते, हे कळताच मी मनाशी निदान करून टाकले की हा माणूस दुःखापासून आणि घरापासून लांब पळू पाहतो आहे, आणि पहिल्या दोन भेटी मी त्याच धाग्याभोवती फिरवल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी अत्यंत सभ्यपणे मला थांबवले. ‘मॅडम, वडील गेले नसते तरी मी आलोच असतो. हे माझ्या मनात त्यांच्या आजारपणाच्याही आधीपासून आहे.’ त्या रात्री मी स्वतःला विचारले की याच माणसाने नोकरी सोडून छायाचित्रण शिकायचे आहे असे सांगितले असते, तर मी इतक्या तातडीने त्यात पलायन शोधले असते का. उत्तर फारसे भूषणावह नव्हते. सुशिक्षित माणसाने हाताने करण्याच्या कामाकडे वळणे म्हणजे काहीतरी बिनसल्याचे लक्षण, हा समज त्यांच्या नातेवाइकांप्रमाणे माझ्याही मनात कुठेतरी बसलेला होता. ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्दप्रयोग मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ साली रूढ केला, आणि तेव्हापासून चाळिशीनंतरच्या कोणत्याही धाडसावर तो चिकटवून मोकळे होण्याची सोय आपल्याला लाभली आहे.

चौथ्या भेटीपासून मी पद्धत बदलली. हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो ते ० ते १० मध्ये सांगा, असे विचारल्यावर त्यांनी ८ सांगितले, आणि तो जमेल याची खात्री किती, यावर ४. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीत यापुढचा प्रश्न महत्त्वाचा असतो. आकडा अधिक का नाही असे न विचारता तो आणखी खाली का नाही, असे विचारायचे असते, म्हणजे माणूस स्वतःची बाजू स्वतःच मांडू लागतो. ‘४ कशामुळे, १ का नाही?’ या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘अपघात कसे होतात, हे मी २२ वर्षे वाचत आलो आहे. घाई करणाऱ्यांपैकी मी नाही.’ चौदा कारणांच्या त्या कागदावर ही गोष्ट कुठेच नव्हती.

आता वयाविषयी. नवी माहिती झटपट पचवण्याची क्षमता आणि साठलेल्या अनुभवावर आधारलेली जाण, असे बुद्धीचे दोन प्रकार रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी मांडले. पहिली तारुण्यानंतर हळूहळू उतरू लागते, तर दुसरी बरीच वर्षे टिकते आणि वाढतेही. त्यामुळे ४७ व्या वर्षी गिअर, एअर ब्रेक आणि मोठ्या गाडीचा अंदाज हे सारे शिकायला विशीतल्या मुलापेक्षा अधिक दिवस लागले तर त्यात नवल नाही. उतारावर गाडी सोडण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि सतत ब्रेक दाबून तो तापू द्यायचा नाही, हा संयम मात्र पोक्त माणसाच्या अंगात बहुधा आधीच मुरलेला असतो. डोळ्यांचे तसे नाही. चाळिशीनंतर समोरून आलेल्या प्रखर दिव्यांनी दिपलेली नजर पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो, म्हणून रात्री वाहन चालवण्याचा विचार करणाऱ्याने साधी चष्म्याची तपासणी पुरेशी मानू नये. ते त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आले.

झोपेचा विषय निघाला तो त्यांच्या पत्नीमुळे, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त वजन त्याच विषयाला होते. पाचव्या भेटीला दोघे मिळून आले असताना त्या सहज म्हणाल्या, ‘यांच्या घोरण्याचे मला काही वाटत नाही, पण मध्येच घोरणे थांबते ना, तेव्हा मी जागी होते.’ मी दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही ठेवायला सांगितली आणि सोबत निद्राविकारांच्या डॉक्टरांचे नाव दिले. रात्रभराच्या तपासणीत त्यांचा श्वास दर तासाला सरासरी २२ वेळा अडखळत असल्याचे आढळले. हा मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया होता. असा माणूस आठ तास अंथरुणात राहूनही अर्धवट झोपेचा असतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ ८९ मीटर पुढे जाते. हे गणित मी त्यांना सांगितले नाही, त्यांनीच मला सांगितले. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले होते. वाहनचालकांच्या कामाच्या तासांवर म्हणूनच कायद्याची बंधने असतात. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, अमेरिकेत सलग १० तासांच्या सुटीनंतर जास्तीत जास्त ११ तास मालवाहू गाडी चालवता येते, आणि भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण कायदा चाकामागचे तास मोजतो. सुटीच्या तासांत झोप खरोखर लागली की नाही, हे त्या माणसालाच पाहावे लागते.

स्लीप ॲप्नियावर उपचार आहे. नाकावर मास्क लावून हवेच्या सौम्य दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र बहुतेकांना उपयोगी पडते, मात्र ते रोज रात्री वापरावे लागते. त्यांचा बेत या कारणाने चार महिने लांबला आणि त्याबद्दल ते माझ्यावर थोडे रागावलेही होते. मला तो राग चालण्यासारखा होता.

दरम्यान नोकरी न सोडता, सुटीच्या दिवशी त्यांनी प्रशिक्षण सुरू केले. तेथला प्रशिक्षक २६ वर्षांचा होता आणि त्यांना ‘काका’ म्हणत असे. जोडगाडी मागे घेण्याच्या चाचणीत ते पहिल्यांदा नापास झाले, त्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा पडलेला होता. झाले काय ते समजावून सांगण्यासाठी त्यांनी माझ्या टेबलावरचा टिश्यूचा लांबट डबा ओढून घेतला, हा ट्रेलर म्हणाले, आणि त्याच्या टोकाला स्वतःच्या चष्म्याचे घर लावले, हा पुढचा ट्रक. ट्रेलरचे मागचे टोक डावीकडे न्यायचे असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते आणि ट्रेलर वळू लागला की लगेच ते परत आणून त्याच्या मागोमाग जावे लागते. जरा उशीर झाला की दोन्ही भाग चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर मिटतात. चष्म्याचे घर तीनदा डब्यावर आपटले. ‘डोक्याला समजते आहे, हातांना समजत नाही,’ ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, ‘गेल्या कित्येक वर्षांत माझी चूक सगळ्यांसमोर कुणी मोठ्याने दाखवलेली नव्हती.’

मध्यम वयातल्या नव्या सुरुवातीत खरे बोचते ते हे नवखेपण. एका कामात मुरलेला माणूस त्या मुरलेपणालाच स्वतःची ओळख समजू लागतो, आणि नव्या कामात पहिल्या दिवसापासून ती ओळख दाराबाहेर ठेवावी लागते. मी त्यांचे सांत्वन केले नाही. फक्त, त्या प्रशिक्षकाकडून दर आठवड्याला आपली एक चूक मुद्दाम विचारून घ्यायची आणि ती वहीत लिहायची, एवढे काम त्यांना दिले. विचारून घेतलेली चूक कमी लागते, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले.

राजीनामा देण्याआधी त्यांनी एका अनुभवी चालकासोबत, मालकाची परवानगी घेऊन, तीन दिवसांची एक खेप करावी असा आग्रह मी धरला होता. परत आल्यावर मी रस्त्याबद्दल विचारले, तर ते थांबण्याबद्दल बोलू लागले. माल उतरवण्यासाठी गाडी एका गोदामाच्या फाटकापाशी ११ तास उभी होती. नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नव्हते, त्यामुळे निवांत झोपताही येत नव्हते आणि गाडी सोडून जाताही येत नव्हते. लांब पल्ल्याच्या कामाकडे मोकळ्या रस्त्याच्या ओढीने येणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे की दिवसाचा मोठा भाग लोडिंग, कागदपत्रे आणि रांगा यांत जातो, आणि मोबदला खेपेवर ठरत असेल तर त्या वेळेचे पैसे मिळतीलच असे नाही. एकट्याने वाट पाहत बसणे ज्याला सोसत नाही, त्याला हे काम वयाच्या तिशीतही सोसणार नाही. त्यांना मात्र ते सोसले. दाव्यांच्या फायली वाचण्यात जन्म गेला, त्यामानाने ११ तास काहीच नाहीत, असे ते हसत म्हणाले, आणि उजव्या रकान्यातली खोडलेली ओळ त्यांनी पुन्हा लिहिली का, ते विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

पैशांचा हिशेब त्यांनी माझ्याशिवायच चोख केला होता: पहिले वर्ष उत्पन्न कमी राहील असे धरून दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला होता.

त्यांच्या पत्नींची चिंता निराळी होती. ‘हे जातील याची मला भीती नाही. आल्यावर हे दोन दिवस झोपून काढणार आणि तिसऱ्या दिवशी घरात काय काय चुकते आहे ते मला सांगणार, याची भीती आहे.’ वारंवार दूर जाणाऱ्या माणसांच्या घरांत निरोपापेक्षा परतणेच अवघड जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मागे राहिलेल्यांनी आपली घडी बसवून घेतलेली असते आणि आलेला माणूस ती नकळत विस्कटतो. आम्ही मोठे कॅलेंडर पसरून तीन महिन्यांचे चौकोन रंगवले: बाहेरच्या रात्री, घरी आल्यानंतरचे पहिले दहा तास फक्त झोपेचे, आणि त्यानंतर त्यांच्या आईची औषधे व दवाखाना पूर्णपणे त्यांच्याकडे, म्हणजे बायकोने आठवण करून द्यायची नाही. १७ वर्षांच्या मुलाने एकच अट घातली, त्याच्या परीक्षेच्या आठवड्यात बाबा घरी असावेत. फोन गाडी उभी असतानाच घ्यायचा, हे ठरलेच, पण त्याच्या जोडीला आणखी एक नियम पत्नींनी स्वतः सुचवला. वादाचा विषय निघाला तर तो फोनवर काढायचा नाही, एका वहीत लिहून ठेवायचा, कारण भांडण डोक्यात घेऊन त्यांनी गाडी सुरू करावी हे त्यांना नको होते.

काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी ते दोघे ठरल्याप्रमाणे आले. दहा-दहा दिवसांच्या खेपा त्यांना झेपल्या नव्हत्या. आता ते एका वेळी दोन-तीन रात्रीच बाहेर राहत होते, आणि थोडे पैसे कमी मिळतात हे त्यांनी मान्य केले होते. खात्रीचा आकडा त्यांनी ६ सांगितला. वही पत्नींच्या पर्समध्ये होती. तिच्यातली तीन भांडणे ते घरी पोहोचेपर्यंत शिळी होऊन गेली होती आणि त्यांवर त्यांनी रेघ मारली होती; चौथे त्यांनी माझ्यासमोर उघडले. गेल्या दोन खेपांत ते सीपॅप यंत्र लावून झोपले नव्हते. सोबतचा तरुण चालक मास्क पाहून हसला होता, म्हणून यंत्र पिशवीत तसेच पडून राहिले. विम्याच्या फायलीत असे काही आढळले असते तर तुम्ही त्यावर काय शेरा मारला असता, असे मी विचारले. त्यांनी तो शेरा ठरीव कार्यालयीन भाषेत, एका दमात म्हणून दाखवला, आणि मग खाली पाहत राहिले. तो तास आम्ही बाकी सगळे बाजूला ठेवून त्या तरुण चालकाला काय सांगायचे याची तालीम करण्यात घालवला. चार प्रयत्नांनंतर त्यांना जमलेले वाक्य असे होते: ‘हे लावले नाही तर उद्या सकाळी स्टिअरिंग तुला धरावे लागेल.’ पत्नींनी ते वहीत चौथ्या भांडणाखाली लिहून घेतले आणि पुढच्या खेपेची तारीख शेजारी घातली.